पट्ट्याला जागा लागते

ही मुलगी वाळूवर लिंबू ठेवतेय, बघा. आता चार पावलं मागे. उजवा हात कोपरापर्यंत लोखंडी खोबळ्यात, पुढे लवलवतं पातं. दांडपट्ट्यात मनगट जखडलेलं असतं, तलवारीसारखं वळवता येत नाही. सगळा खेळ खांद्याचा, कमरेचा आणि पायांचा. म्हणून फिरवणाऱ्याच्या आसपास कुणी फिरकायचं नाही, आणि डोक्यावर छप्पर नको.

अलिबागजवळच्या या गावात तशी जागा होती. नारळाच्या वाडीला लागून सात-आठ गुंठ्यांचं खळं. मालकाच्या आजोबांनी तोंडी दिलेलं, 'पोरं खेळूदेत' म्हणून. सातबाऱ्यावर आखाड्याचं नाव कधी चढलंच नाही. त्या खळ्याला कधी गिऱ्हाईक येईल असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मार्च 2020 मध्ये मुंबईतला भाऊचा धक्का ते इथलं मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाली. गाडीसकट तासाभरात पलीकडे. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. मुंबईकराला शनिवार-रविवारचा बंगला हवा, इथल्या हिस्सेदारांना वाटणी. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? एकाच्या डोक्यावर कर्ज, दुसऱ्याच्या मुलीची फी. खळं गेलं. आता तिथे चिऱ्याची भिंत, आत हिरवळ, फाटकावर कॅमेरा.

त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. "पेढे वाटले आम्ही," वस्ताद सांगतात. "त्याच आठवड्यात मोजणीवाले आले."

गावानं देवळाचा सभामंडप देऊ केला. लाठी तिथे कशीबशी चालते. पट्टा? वर बघा, पंख्याचं एक पातं वाकलंय.

मग उरली पुळण. ओहोटीला वाळू घट्ट होते, पाय रोवता येतो. पण ओहोटी रोज पाऊण-एक तास पुढे सरकते आणि तिच्यामागून क्लास. ती रात्रीवर गेली की चार-सहा दिवस सुट्टी. शाळेची आणि ट्यूशनची वेळ सांभाळणारे आईबाप वैतागतात. निम्मी मुलं गळाली त्यातच. शिवाय खारा वारा. पातं चार दिवसांत तांबूस पडतं, म्हणून खोबरेल चोळायचं काम सगळ्यात धाकट्यांकडे.

सपकन आवाज. लिंबाच्या दोन फोडी. मुलगी एक उचलते, वाळू फुंकते आणि चाटते.

वस्तादांचा फोन गटावर मेसेज टाकतो : उद्या 5.40. खोबरेल संपलंय, कुणीतरी आणा.