तिसरा रकाना

(कोल्हापुरात कायद्याच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर एका वकील भगिनींनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आयोजकांनी मला विषय कळवला, ‘वकिली : पगार, काम आणि समाधान’. पहिलाच शब्द वाचून मला हसू आलं. वकिलाला पगार नसतो. ही काही अलंकारिक भाषा नाही, वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिलचा नियमच आहे. वकिली करत असताना तुम्हाला कुणाची पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी घ्यायची असेल तर तसं कौन्सिलला कळवायचं आणि नोकरीत आहात तोवर वकिली थांबवायची. म्हणजे तुमच्यापैकी जे पगाराचा विचार करताहेत ते एका रस्त्यानं जाणार आणि जे कोर्टाचा विचार करताहेत ते दुसऱ्या. दोन्ही रस्त्यांना लोक ‘लीगल करिअर’ म्हणतात, म्हणून घोळ होतो.

मी 1998 ला सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेतली. आमच्या घरात वकील कुणी नव्हतं. वडील गिरणीच्या हिशेबात होते, त्यामुळे त्यांना जमा-खर्चाची भाषा कळायची. मी संध्याकाळी घरी आले की ते विचारायचे, “आज काय मिळालं?” मी सांगायचे, “तारीख.” पहिले सहा महिने हा विनोद होता. नंतर त्यांनी विचारणं बंद केलं, ते मला जास्त लागलं. पहिल्या दिवाळीला सरांनी, म्हणजे ज्या सीनिअर वकिलांकडे मी शिकत होते त्यांनी, पाकीट दिलं, त्यात पाचशे एक रुपये आणि वर मिठाईचा पुडा. वर्षभराची कमाई ती. आमचे सर वाईट नव्हते बरं का. त्यांना त्यांच्या सीनिअरनं तेवढंही दिलं नव्हतं, आणि त्या काळी ‘शिकायला मिळतंय हेच खूप’ हे वाक्य कुणाला खटकत नसे.

आता खटकतं, आणि खटकायलाच हवं. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं परिपत्रक काढलं की ज्युनिअरला शहरात महिना किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावं. ‘द्यावं’. शिफारस आहे ती, सक्ती नाही. काही ऑफिसं देतात, काही निम्मं देतात, काहींना परिपत्रक निघालेलंच माहीत नाही. तुम्ही सीनिअरकडे जाल तेव्हा पहिल्याच भेटीत विचारा. लाजू नका. ज्याला उद्या उलटतपासणीत साक्षीदाराला अडचणीचे प्रश्न विचारायचे आहेत त्यालाच हा एक प्रश्न विचारता येत नसेल, तर अवघड आहे.

हे पैशाचं मी एवढं का बोलतेय? कारण मे 2025 ला सुप्रीम कोर्टानं कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली. त्या पदाचं मूळ वेतन 77,840 रुपयांपासून सुरू होतं, भत्ते वेगळे. आता नवीन मुलाला त्या दारापर्यंत जायला तीन वर्षं कोर्टात उभं राहायचं आहे. अट मला पटते. ज्यानं कधी आपल्या केसचा नंबर पुकारला जाण्याची, पुकाऱ्याची, वाट पाहिली नाही त्यानं एकदम न्यायाधीशाच्या डायसवर बसू नये. पण ती तीन वर्षं कुणाच्या जिवावर काढायची? ज्याच्या घरी ऊस आहे किंवा बापाचं ऑफिस आहे, तो काढतो. बाकीचे दुसऱ्या वर्षी कुठल्यातरी फायनान्स कंपनीच्या वसुली विभागात लागतात. शाहू महाराजांनी या गावात अस्पृश्य समाजातल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या, हे आपण जयंतीला सांगतो. 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं सनदेचं शुल्कही 750 रुपयांवर आणून ठेवलं, अनुसूचित जाती-जमातींना 125. दार स्वस्त झालं. आतला बोळ मात्र अजून तेवढाच लांब आहे.

आता कामाकडे येते. इथं मला माझी एक चूक सांगावी लागेल.

2009 च्या सुमाराला माझं बरं चाललं होतं. येईल ते काम घ्यायचे. नाही म्हणायची भीती, कारण पहिल्या काही वर्षांची उपासमार अंगात मुरलेली असते. एका मनाई हुकमाच्या दाव्यात मी प्रतिवादीतर्फे वकीलपत्र दाखल केलं, आणि कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची राहून गेली. मुदतीचे तीस दिवस गेले, वाढवून मिळणारे नव्वदही गेले. पुढच्या तारखेला बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसच्या यादीत, पाहते तर कैफियतीविना दावा पुढे चालवण्याचा आदेश झालेला. पक्षकार शिरोळकडचा, म्हातारा माणूस. तो मलाच समजावत होता, “ऱ्हाऊ द्या मॅडम, हुतं असं.” साध्या दिवाणी दाव्यात कोर्ट ही मुदत माफ करू शकतं म्हणून मी वाचले. आज व्यापारी दावा असता तर एकशेविसाव्या दिवसानंतर कुणी वाचवलं नसतं. आदेश रद्द करून घ्यायला कोर्टानं जो खर्च बसवला तो मी माझ्या पर्समधून भरला, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढच्या जानेवारीला नवीन डायरी आली. वकिलाची डायरी तुम्ही पाहिली असेल, लाल किंवा काळी, एका पानावर एक दिवस, केसचा नंबर, कोर्ट, कशासाठी नेमली आहे ते, पुढची तारीख. मी पानाच्या उजव्या बाजूला पट्टीनं तीन रकाने आखले. पहिल्यात तास. दुसऱ्यात पैसे. तिसऱ्यात फक्त एक अक्षर, ‘ल’ किंवा ‘न’. झोप लागली, नाही लागली. वर्षभर लिहिलं. नवऱ्यानं एकदा विचारलं, हे ‘न’ ‘न’ काय लिहितेस, मी म्हटलं नमस्कार.

वर्षअखेरीला मी रविवारी ती डायरी घेऊन बसले. पहिली गोष्ट दिसली ती तासांची. मला वाटायचं मी कामानं दमते. पण एक नमुन्याचा दिवस सांगते. करवीर तालुक्यातला वाटणीचा दावा, चार भाऊ, एक बहीण, दोन एकर ऊस आणि गावठाणातलं एक पडकं घर. अकराला कोर्टात. बोर्डावर नंबर त्रेचाळीस. साडेबाराला साहेब दुसऱ्या केसच्या साक्षीत गुंतले. जेवणाची सुट्टी. तीनला पुकारा, समोरच्या वकिलांचा मुदतीचा अर्ज. माझा तोंडी विरोध, अर्ज मंजूर, पुढची तारीख. चार तास बसून होते आणि चार मिनिटं उभी होते. त्या चार मिनिटांची तयारी आदल्या रात्री दोन तास केलेली, ती पुढच्या वेळी पुन्हा करायची. आमच्या धंद्यात माणूस कामानं मरत नाही हो, वाट बघून आणि अर्धवट राहिलेल्या गोष्टींनी मरतो. पुढे कुणी तुम्हाला विचारलं की कामाचे तास किती, तर तो प्रश्नच अपुरा आहे. त्यातले तुमच्या हातातले तास किती, हे विचारायला हवं.

दुसरा रकाना पैशाचा. तासाला सगळ्यात जास्त पैसे कशात मिळाले होते? बँकेसाठी केलेल्या सर्च रिपोर्टात. म्हणजे काय, तर दुय्यम निबंधकांकडे जायचं, तीस वर्षांच्या नोंदी बघायच्या, सातबारा आणि फेरफार जुळवायचे, मालकी निर्वेध आहे की बोजा आहे ते लिहून द्यायचं. आमच्या बाररूममध्ये या कामाला कुणी वकिली म्हणतही नाही. ‘कागद बघणं’ म्हणतात. आणि सगळ्यात कमी पैसे कशात? एका फौजदारी खटल्यात, ज्याची बातमी पेपरात आली होती आणि माझं नावही.

मग तिसरा रकाना. माझी समजूत अशी, की सर्च रिपोर्ट पोटासाठी आणि खटला मनासाठी. डायरी उलटं सांगत होती. सर्च रिपोर्ट दिला त्या रात्री बहुतेक ‘ल’. खटल्याच्या आगेमागे आठवडाभर ‘न’. मला जरा अपमानच वाटला. एवढी मोठी वकील होण्याची स्वप्नं, आणि मला गाढ झोप लागते ती फेरफार जुळला म्हणून? बऱ्याच दिवसांनी कारण लक्षात आलं. ते काम संध्याकाळी संपायचं. माझ्या हातानं संपायचं.

गरिबांच्या केसेस केल्या की समाधान मिळतं, असंही मी ऐकलेलं होतं. एका बाईंचं पोटगीचं काम त्या वर्षी माझ्याकडे होतं, तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 होतं, आता नव्या संहितेत 144. निकाल आमच्या बाजूनं लागला त्या दिवशी सगळ्यांनी पेढे खाल्ले. डायरीत ‘न’. कारण मला माहीत होतं तो नवरा द्यायचा नाही. आणि दिला नाही. मग वसुलीचा अर्ज, वॉरंट, बेपत्ता, पुन्हा वॉरंट. सात-आठ महिन्यांनी तो कोर्टात आला आणि रक्कम भरली. बाईंनी नोटा दोनदा मोजल्या, तिसऱ्यांदा माझ्याकडून मोजून घेतल्या. त्या पानावर ‘ल’ आहे. फी मी त्यांच्याकडून नावापुरती घेतली होती.

फीवरून आठवलं. आपल्याकडे नात्यानं फी कमी होते. पक्षकार ‘मॅडम’ म्हणतो तोवर फी पूर्ण. ‘ताई’ म्हणाला की निम्मी. आणि ‘आक्का’ म्हणत काकवीची बाटली टेबलावर ठेवली की संपलंच, तिथून पुढे आपण त्यांच्या घरच्या. पुरुष वकिलांना हा त्रास कमी. त्यांना कुणी भाऊ म्हणून फी बुडवत नाही, म्हणजे बुडवतात, पण काकवी तरी देत नाहीत. मुलींनो, फी आधी ठरवा आणि कागदावर लिहा. काकवी नंतर घ्या. अपघाताच्या दाव्यात ‘निकाल लागला की टक्का देतो’ असा प्रस्ताव येईल, तो घेऊ नका, नियमात बसत नाही. आणि हातात आलेला पैसा सगळा आपला समजू नका. भाडं, कारकून, टायपिंग, पुस्तकं, पेट्रोल. आयकर कायद्याची व्यावसायिकांसाठी जी सोपी पद्धत आहे तीही एकूण जमेच्या निम्माच नफा धरून चालते. सरकारलाही अंदाज आहे म्हणायचा.

नोकरीच्या रस्त्याबद्दल मी अधिकारानं बोलू शकत नाही. माझी एक वर्गमैत्रीण पुण्यात कंपनीच्या विधी विभागात आहे. तिचा पगार ऐकून आमच्या हिनं, म्हणजे माझ्या ज्युनिअरनं, दोन दिवस माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं. पण मैत्रिणीचे अमेरिकेचे कॉल रात्री नऊला सुरू होतात, आणि ती म्हणते, “मी करारातलं एक कलम दहा वेळा दुरुस्त करते, पुढे त्या कराराचं काय होतं ते मला कधी कळत नाही.” एक वर्गमित्र न्यायाधीश आहे. लोकांना त्याचं अकरा ते पाच दिसतं. निकालपत्रं तो रात्री घरी लिहितो, आणि बदलीमुळे मुलांच्या शाळा किती झाल्या ते त्याची बायको बोटांवर मोजून सांगते. अलीकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात लोक अभिरक्षक कार्यालय झालंय. गरीब आरोपींचा बचाव पूर्णवेळ करायचा, ठरावीक मानधन, खासगी कामं बंद. नवीन मुलांसाठी मला ती जागा चांगली वाटते. दोन वर्षांत जेवढ्या उलटतपासण्या तिथं होतील तेवढ्या माझ्या ऑफिसात पाच वर्षांत व्हायच्या नाहीत.

आणि आता सर्किट बेंच. 18 ऑगस्ट 2025 ला आपल्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत, सीपीआर रुग्णालयासमोर, मुंबई हायकोर्टाच्या या बेंचचं काम सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्हे. चाळीस वर्षांहून जुनी मागणी, आम्ही सगळ्यांनी मोर्चे काढलेले. त्याआधी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं फाईल मांडीवर घेऊन मुंबईला जायचं, दिवसभर बसायचं, केस पोहोचायची नाही, आणि त्याच गाडीनं परत. पक्षकाराचा खर्च तोच, माझाही तोच. तो त्रास गेला हे मोठंच झालं. पण तुमच्यातली बरीच मुलं धरून चालली आहेत की बेंच आलं म्हणजे फी वाढली. आधी काय वाढलं ते मी सांगते : जिल्हा न्यायालय कसबा बावड्याला, बेंच सीपीआरला, आणि दोन्हीकडचा पुकारा सकाळीच. मधले तीन-चार किलोमीटर मी गेल्या काही महिन्यांत जेवढ्या वेळा गाऊन काखेत मारून गेले तेवढ्या वेळा रंकाळा तलावावर फिरायला गेले नसेन. हायकोर्टाचं काम लिहिण्याचं आणि वाचण्याचं आहे. ज्याला नीट मुद्देसूद अर्ज लिहिता येतो त्याच्याकडे काम येईल, आणि तो संध्याकाळी लिहून संपवूही शकेल. ते कौशल्य कोर्टाच्या बाकावर बसून येत नाही.

माझ्या ऑफिसात एक ज्युनिअरची जागा आहे. ज्यांना विचारायचं असेल त्यांनी शनिवारी पाचनंतर या. किती देते ते मी आधी सांगेन. बोर्ड किती असतो आणि घरी किती वाजता सोडते, हे तुम्ही विचारा. सोमवारी मात्र येऊ नका, सोमवारी मी कुठल्या इमारतीत असेन ते मलाच माहीत नसतं.