नळीच्या वाटेनं येणारा न्यूमोनिया

नमस्कार, श्रोतेहो. मी लहान मुलांच्या आयसीयूमध्ये सिस्टर आहे. मशीनवर ठेवलेल्या लेकरांना जो दुसरा न्यूमोनिया होतो, औषधांना दाद न देणारा, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

पेरण्या आटोपून पाऊस लागला की आमच्याकडे मण्यार चावलेली मुलं येऊ लागतात. मण्यार रात्री चावते, खाली झोपलेल्या लेकराला. दुखत फारसं नाही, दाताची खूणही पुष्कळदा सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या उचलत नाहीत, बोलणं बोबडं होतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. कुणाच्या घरी कपाशीवर फवारायचं औषध पाण्याच्या बाटलीत काढून ठेवलेलं असतं, ते लेकरू पिऊन बसतं. कुणाला मेंदूज्वर झालेला असतो. कुणी मेळघाटातून आलेलं, अंगात जीव नाही आणि छाती भरलेली. आजार वेगवेगळे, पण श्वास पुरेनासा झाला की तोंडातून श्वासनलिकेत नळी टाकावी लागते आणि ती व्हेंटिलेटरला, म्हणजे श्वास देणाऱ्या मशीनला, जोडावी लागते.

"मशीनवर टाकलं का लेकरू वापस येत नाही म्हणतेत," असं बाहेर बसलेले लोक एकमेकांना सांगतात. तसं नाही. मण्यारीच्या विषानं लुळं पडलेलं लेकरू वेळेत मशीनवर आलं, तर बहुतेक वेळा काही दिवसांत स्वतः श्वास घ्यायला लागतं आणि चालत घरी जातं. ते मधले दिवस जपायचे असतात, कारण धोका तिथेच असतो.

आपण गिळतो तेव्हा श्वासनलिकेचं दार आपोआप मिटतं. ठसका लागला की आत गेलेलं बाहेर फेकलं जातं. नळी त्या दारातूनच आत जाते, त्यामुळे दार मिटत नाही आणि गुंगीच्या औषधामुळे खोकलाही येत नाही. तोंडातली लाळ नळीच्या कडेनं थेंब थेंब खाली उतरते. पाच वर्षांच्या मुलाची नळी आतून जेमतेम पाच मिलीमीटरची असते. चार दिवस न घासलेल्या माठाला आतून जसा बुळबुळीत थर धरतो, तसा थर तिला धरतो आणि त्या थरात जंतू घर करतात. नळी टाकल्यावर अठ्ठेचाळीस तास उलटून गेले आणि मग ताप आला, बेडका घट्ट पिवळा-हिरवा झाला, ऑक्सिजन वाढवावा लागला, एक्स-रेत नवा डाग दिसला, की आम्हाला हाच संशय येतो.

मग नळीतला बेडका कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू वाढवून कोणतं औषध चालतं ते तपासायला, जातो. दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट येतो. त्यावर अँटिबायोटिकची नावं एकाखाली एक छापलेली असतात आणि प्रत्येकासमोर एक अक्षर. एस असेल तर औषध चालेल. आर असेल तर जंतू त्या औषधाला दाद देत नाही. कधी कधी मी वरून खालपर्यंत बोट फिरवते आणि आर, आर, आर असंच येत जातं. आपल्या देशातल्या आयसीयूंमध्ये असे रिपोर्ट जास्त करून अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि स्यूडोमोनास या जंतूंचे असतात. अ‍ॅसिनेटोबॅक्टर तर कोरड्या जागेवरही, कॉटच्या दांडीवर, मॉनिटरच्या बटणावर, कित्येक दिवस जिवंत राहतो. मेरोपेनेमसारखं भारी औषधही जेव्हा चालत नाही, तेव्हा कोलिस्टिन काढावं लागतं. हे जुनं औषध. मूत्रपिंडाला इजा करतं म्हणून ते मागे पडलं होतं. आता दुसरं काही उरत नाही म्हणून ते चिमुकल्या देहाला द्यायचं आणि रोज लघवी मोजत बसायचं. साप चावल्यातून वाचलेलं लेकरू या दुसऱ्या दुखण्यानं जाताना पाहणं फार कठीण असतं.

हे जंतू लेकरापर्यंत बहुतेक वेळा हातानं पोहोचतात. म्हणून याची पहिली जबाबदारी आम्हा दवाखान्यातल्या लोकांची आहे, हे मी स्पष्ट सांगते. एका लेकराचं सक्शन करून, म्हणजे नळीतला बेडका ओढून काढून, दुसऱ्याला हात लावण्याआधी हात स्वच्छ झालेच पाहिजेत. पलंगाची डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश उचललेली हवी. तोंडाची स्वच्छता ठरल्या वेळी व्हायला हवी. मशीनच्या पाइपात वाफेचं पाणी साचतं, ते लेकराकडे न जाता बाहेर काढलं गेलं पाहिजे. आणि नळी आज काढता येईल का, हा प्रश्न रोज सकाळी विचारला गेला पाहिजे, कारण नळी जितके दिवस जास्त तितका धोका जास्त. यातल्या एकाही गोष्टीला महागडं यंत्र लागत नाही. एका सिस्टरकडे किती लेकरं आहेत, यावर मात्र फार काही अवलंबून असतं. लोकांनी आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात सिस्टरच्या जागा भरा म्हणून आवाज उठवला, तर तो याच लेकरांसाठी असेल.

तुमचंही काम आहे. लेकराला भेटायला आत याल तेव्हा कोपरापर्यंत हात धुवा, अंगठी-बांगड्या सरकवून. शेजारच्या कॉटवरच्या लेकराला, कितीही माया आली तरी, हात लावू नका. एक आजी पदराच्या गाठीत अंगारा घेऊन आल्या होत्या, तो नातवाच्या जिभेवर ठेवायचा होता. मी म्हटलं, "आजी, कपाळाला लावा, पुडी उशीखाली ठेवू. तोंडात मात्र काही नको, पाण्याचा थेंबसुद्धा नको." त्यांनी ते मनापासून ऐकलं. आणि आमच्यापैकी कुणी लेकराला हात लावायला आलं तर खुशाल विचारा, "सिस्टर, हात धुतले का?" डॉक्टरांनाही विचारा. यात कुणाचा अपमान नाही.

आता गावाकडचं. हे जंतू सगळेच दवाखान्यात तयार होत नाहीत. सर्दी झाली की मेडिकलमधून दोन गोळ्या आणायच्या, ताप उतरला की उरलेल्या फडताळात ठेवायच्या आणि पुढच्या वेळी धाकट्याला द्यायच्या, हे घरोघरी चालतं. साधी सर्दी विषाणूंची असते, तिला अँटिबायोटिकचा उपयोग नाही. पण पोटातले साधे जंतू त्या गोळीनं मरतात, निबर तेवढे उरतात, आणि ते आपलं निबरपण दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देऊ शकतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणातच सांगून ठेवलं होतं की अपुऱ्या मात्रेनं जंतू निर्ढावतात. ज्या पाकिटावर उभी लाल रेघ आहे, ते औषध चिठ्ठीशिवाय मागू नका. कोंबड्या पाळणाऱ्या भावांनीही ऐकावं: जनावरांना आणि कोंबड्यांना कोलिस्टिन देण्यावर सरकारनं २०१९ मध्ये बंदी घातली आहे. आमच्या हातात उरलेलं शेवटचं औषध ते हेच.

याचा अर्थ न्यूमोनिया झालेल्या लेकराला औषधच देऊ नका असा नाही. न्यूमोनियाला अँटिबायोटिक हवंच, आणि लवकर हवं. लेकरू शांत असताना छातीकडे बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंतच्याचे ४० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर आशाताईला गाठा किंवा थेट दवाखाना. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं गावातल्याच माणसांना असे श्वास मोजायला शिकवून कितीतरी मुलं वाचवली आहेत. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने, या वेळच्या न्यूमोनियाच्या लसी सरकारी केंद्रात फुकट मिळतात. पावसाळ्यात लेकरांना खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपवा. नळीची पाळीच आली नाही तर पुढचं काहीच येत नाही.

आणि ज्यांची लेकरं मशीनवरून बरी होऊन घरी आली आहेत त्यांना एक सांगते. काही दिवस आवाज घोगरा राहतो, त्याला घाबरू नका. पण श्वास घेताना घर्र आवाज येऊ लागला तर तसेच परत या. सुट्टीच्या कार्डाबरोबर कल्चरच्या रिपोर्टची प्रत मागून घ्या आणि दोन्ही एकाच पिशवीत ठेवा. पुढे कधीही ताप आला, मग गावातल्या डॉक्टरकडे जा की नागपूरला, तो कागद आधी दाखवा. कोणतं औषध तुमच्या लेकराला चाललं नव्हतं, हे त्यांना त्यावरूनच कळेल.