गाऊन घेणाऱ्या बाई

नमस्कार श्रोतेहो. मला आज दहा मिनिटं दिलीयत आणि बोलायचंय माझ्या आईबद्दल, म्हणजे वेळेचं गणित आधीच चुकलंय, कारण बाई नव्वदी ओलांडून गेल्या आणि शेवटपर्यंत बोलत होत्या. हो, बाई. मी तिच्याच शाळेत होते, तिच्याच वर्गात, त्यामुळे सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच ती बाई आणि त्यानंतर आई. आम्हा भावंडांना सगळ्यात जास्त ओरडा मिळाला तो वर्गात चुकून आई म्हटल्याबद्दल.

ठाण्याच्या नौपाड्यात तिला गाणाऱ्या बाई म्हणायचे. मला ते कधी पटलं नाही. आवाज बेताचा, थोडा नाकातला, वरचा सा लावताना मान वाकडी व्हायची. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिल्या त्या मध्यमा पूर्णपर्यंत, विशारद राहिलं ते राहिलंच, मधे आम्ही झालो ना. आणि ठाण्यात गाणाऱ्यांना काय तोटा होता, पंडित राम मराठ्यांसारखा गवई या गावात राहिला, त्यांचं गाणं असलं की आई शाळेतनं परस्पर जायची आणि मागे कुठेतरी भिंतीला टेकून बसायची. आपण त्यातल्या नाही हे तिला पक्कं माहीत होतं आणि त्याचं तिला काडीचं वाईट वाटायचं नाही. तिला गायचं नव्हतंच हो, तिला लोकांकडून गाऊन घ्यायचं होतं.

माहेर अलिबागकडचं. व्हर्नाक्युलर फायनल झाली, म्हणजे सातवी, तेव्हा तेवढ्यावर मास्तरकी मिळायची. लग्न होऊन ठाण्यात आली तेव्हा इथे महानगरपालिका नव्हती, ती १९८२ ची, त्याआधी नगरपालिका. तलावपाळीला संध्याकाळी माणसं फिरायला यायची आणि बोलणं ऐकू यायचं एवढं शांत, आता सांगून कोणाला खरं वाटणार नाही.

शाळेत पेटी होती, पण कपाटात, कुलूप लावून. वर्षातनं दोनदा बाहेर, पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी. आई घरची पेटी न्यायची, हातात धरून, पावसात प्लास्टिक गुंडाळून, कारण दमट हवेत पट्ट्या अडकतात आणि एखादा सूर नको तेव्हा रडत बसतो. (तुम्हाला माहितेय ना, आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली होती? पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरनं दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही म्हणून. ती सैल व्हायला तीसेक वर्षं गेली. आईचं म्हणणं, मींड नाही निघत हे अगदी खरं, पण साठ पोरं एका सुरात धरायला मींड कशाला लागते?)

पाढे तर गाऊनच व्हायचे. नुसते बे ते तीस नाही, पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी, औटकी म्हणजे साडेतीनाची, ते सगळं. एकोणतीसचा पाढा सगळ्यांना नडतो म्हणून तो शेवटी तिहाई घेऊन संपवायचा, दोनशे नव्वद, दोनशे नव्वद, दोनशे नव्वद, आणि बाकावर थाप. आज साठी उलटलेली माणसं भाजीवाल्याकडे हिशोब करताना मनातल्या मनात ती थाप मारतात, मला स्वतः सांगितलंय.

एक मुलगा होता आमच्या वर्गात, बोलताना अडखळायचा. हजेरीला त्याचा नंबर आला की ह, ह, ह, आणि पुढे काही नाहीच, हजरमधलं जर निघेपर्यंत पोरं खिदळायला लागायची, तो कानापर्यंत लाल. आईनं कोणाला दम दिला नाही. दुसऱ्या दिवशी आली, पेटीचा भाता उघडला, सा धरून ठेवला आणि म्हणाली आजपासून हजेरी सुरात, ज्याचा सूर चुकेल त्याची गैरहजेरी. मग काय, एक नंबर हऽजर बाऽई, दोन नंबर हऽजर बाऽई, आम्ही सगळे एकदम मजेत, आणि त्याचा नंबर आला तर त्यानं पण गायलं, सरळ, न अडखळता, आणि पुढचा नंबर सुरू झाला सुद्धा, कोणाच्या लक्षातही आलं नाही. हे होतं असं, बोलताना अडखळणारी पुष्कळ माणसं गाताना अडखळत नाहीत, डॉक्टर लोकांना ठाऊक आहे, आईनं कुठे वाचलेलं नव्हतं. तिनं एवढंच बघितलं होतं की प्रार्थनेत हा पोरगा अडकत नाही. हेडमास्तर दारात येऊन विचारून गेले हा काय तमाशा. त्यांना ती म्हणाली, हजेरी घेतेय. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की तिनं त्याला एकट्याला गायला लावलं नाही, सगळा वर्ग गायला लावला.

आता दुसरी गोष्ट, ही मोठी आहे. वागळे इस्टेटच्या बाजूला कारखान्यात कामाला जाणाऱ्यांची वस्ती वाढत होती, तिथल्या बायकांना लिहाय-वाचायला शिकवायचं तिच्या डोक्यात आलं. वर्ग काढला, संध्याकाळचा, फळा-खडू सगळं नेलं, कोणी आलंच नाही. घरनं सोडायचेच नाहीत, या वयात कशाला शाळा, रॉकेलच्या लायनीत कोण उभं राहणार वगैरे. आईनं वर्ग बंद करून टाकला आणि त्याच खोलीत, त्याच वेळेला भजनी मंडळ काढलं. भजनाला नको म्हणायची कुठल्या नवऱ्याची, कुठल्या सासूची छाती आहे? बायका भरभरून आल्या, टाळ घेऊन आल्या. पहिले काही दिवस नुसतं भजन. मग हळूच प्रत्येकीला एक वही दिली, त्यात मोठ्या अक्षरात तोच अभंग, जो तिला लहानपणापासून तोंडपाठ. गाताना ओळीखाली बोट फिरवायचं, बास. पाठ होतंच ना, फक्त आता कुठलं अक्षर कुठे येतं ते डोळ्याला दिसायला लागलं. वि म्हटलं की हे असं, ठ म्हटलं की हे गोल. अर्धा तास भजन, अर्धा तास अक्षरं, मधे चहा. त्यातल्या एकीनं रेशनच्या दुकानात अंगठ्याऐवजी सही केली आणि दुकानदारानं पेन परत मागितलं तर म्हणाली थांब, काना राहिलाय. आई हे सांगताना प्रत्येक वेळी दुकानदाराचा चेहरा करून दाखवायची.

हां, आणि घरी? घरी तिची भाजी अळणी असायची. कौतुक करणं तर माहीतच नाही, मी पहिली आले तर म्हणाली अक्षर सुधार. आमच्या घरात जेवायला किती माणसं हे रात्री आठपर्यंत कळायचं नाही, कोणाचा तरी मुलगा अभ्यासाला, कोणी भांडून आलेली सून, आणि वडील बिचारे पिठल्यात पाणी वाढवत. आमच्या वाट्याला ती थोडी कमीच आली, हे मी तिच्या तोंडावरही बोलले होते. त्यावर उत्तर, मग तू पण मंडळात ये, तिथे भेटू. गेले मग, काय करणार, टाळ वाजवायला. तिथेच आमचं खरं जमलं.

म्हातारपणी ऐकू कमी यायला लागलं, कानाला मशीन बसवलं, ते मधेच शिट्टी मारायचं आणि ही शांतपणे सांगायची, निषाद लागलाय. २०२० च्या मार्चमधे तो बावीस तारखेचा जनता कर्फ्यू आठवतो का, पाच वाजता सगळ्यांनी बाल्कनीत येऊन थाळ्या वाजवल्या? आमची सोसायटी पण सगळी बाहेर, नुसता कल्ला. आई नातवाच्या खांद्याला धरून बाहेर आली, दोन मिनिटं ऐकलं आणि असं तोंड केलं की बस. मग चमचा उचलून समोरच्या बिल्डिंगकडे हात करून ओरडायला लागली, अरे निदान भजनी ठेका तरी धरा! समोरचा जोशात होता, त्याला वाटलं आजी फार खूष झाल्यात, त्यानं अजून जोरात बडवलं.

गेली तेव्हा भजनी मंडळाच्या बायका आल्या, आता त्यातल्या बऱ्याच जणी पणज्या झाल्यात, त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि शुद्धलेखन माझ्या मुलापेक्षा बरं आहे. मंडळ अजून चालू आहे, दर गुरुवारी, आता नुसतंच भजन, कारण शिकवायला उरलंय कोण. एकीची नात मात्र मोबाईलवर पैसे कसे पाठवायचे ते शिकवते तिथे, मधल्या चहाच्या वेळात, टाळ बाजूला ठेवून.

पेटी तिनं शाळेला द्यायला सांगितली होती, एकाच अटीवर, कपाटात ठेवायची नाही. मी नेऊन दिली. क्लार्कनं डेडस्टॉक रजिस्टर काढलं, चष्मा लावला, दोन सूर दाबून बघितले आणि लिहिलं, हार्मोनियम, नग एक, जुनी, वाजते. सही घेतली. अट कुठल्या रकान्यात लिहायची हे त्यांना कळेना, मग ती राहिली. म्हणून पुढच्या सोमवारी प्रार्थनेच्या वेळेला मी न सांगता जाणार आहे शाळेत, आणि कुलूप दिसलं तर चावी मागणार आहे. बरं, वेळ झाली वाटतं, काचेच्या पलीकडनं हात करतायत. येते मी. नमस्कार.