पिल्लावरून ओळख

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी समुद्रातल्या प्राण्यांच्या अंगावर जगणाऱ्या कोपेपॉडांबद्दल बोलणार आहे. मराठवाड्याला समुद्र नाही, हे खरं. पण या प्राण्यांचे भाऊबंद आपल्या शेततळ्यांत आहेत, विहिरींत आहेत, आणि एकेकाळी आपल्या बारवांतून त्यांनी घरोघरी नारू, म्हणजे माणसाच्या कातडीतून बाहेर येणारा तो लांब जंत, पोचवला होता. तेव्हा विषय तसा परका नाही.

कोपेपॉड म्हणजे खेकडे आणि झिंगे यांच्या कुळातले बारीक जीव. बहुतेक जण मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे. त्यांच्या हजारो जाती आहेत आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या दुसऱ्या प्राण्याच्या आधाराने राहतात. कोणी माशाच्या कल्ल्यात, कोणी शिंपल्यात, कोणी ग्रीनलंड शार्कच्या डोळ्यावर. अडचण अशी, की परजीवी झालेली मादी पुष्कळदा ओळखू येत नाही. पोहण्याचे पाय निकामी होतात, अंगाचे खंड पुसले जातात. उरतो एक दोरा आणि त्याच्या टोकाला अंड्यांच्या दोन पिशव्या. मग ती कोणाची कोण, हे ठरवायचं कशावरून? पिल्लावरून. श्रोतेहो, एवढं एक ध्यानात ठेवा: आईच्या रूपावर जाऊ नका, पिल्लू बघा.

मी बीड जिल्ह्यात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते, तेव्हाची गोष्ट सांगते. एके सकाळी एक वयस्कर शेतकरी प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. गावात त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. एका हातात प्लास्टिकची बादली, दुसऱ्या हातात फडक्याने झाकलेला काचेचा ग्लास. बादलीत कटला मासा होता, त्यांच्या शेततळ्यातला. पराच्या बुडाशी लालभडक जखम, आणि त्या जखमेतून बाहेर आलेला बोटाच्या पेराएवढा दोरा. दोऱ्याच्या शेवटी हिरवट, लांबट अशा दोन पिशव्या. व्यापारी असले मासे घ्यायला तयार नव्हता. मासे तळ्याच्या प्लास्टिकला अंग घासत होते, खात नव्हते.

पोरं भोवती जमली. चिमट्याने दोरा उचलून बघितला. डोकं मांसात रुतलेलं, बाहेर काहीच नाही, ना खंड, ना दिसण्यासारखे पाय. एकजात सगळ्यांनी निकाल दिला: जंत आहे.

आप्पा शांतपणे म्हणाले, "बाई, पोरायला सांगा, हे जंत न्हाईत."

"कशावरून, आप्पा?" मी विचारलं.

त्यांनी ग्लासावरचं फडकं काढलं. दोन रात्री आधी त्यांनी असाच एक दोरा पिशव्यांसकट पाण्यात ठेवला होता. त्यांनी ग्लास खिडकीपाशी नेला आणि उन्हाच्या तिरिपेत धरला. पाण्यात धुळीसारखे ठिपके होते. अगदी बारीक. पण धूळ खाली बसते, आणि हे ठिपके झटक्याझटक्याने पुढे सरकत होते. थांबायचे, झटका द्यायचे, परत थांबायचे.

"जंत वळवळ करतेत. हे टिचकी मारल्यावानी उडतेत. आमच्या बारवात व्हते, तसलेच हायेत बगा."

आणि मग उलगडा झाला. नारूच्या दिवसांत आरोग्य खात्याची माणसं त्यांच्या गावी आली होती. त्यांनी बारवेचं पाणी ग्लासात घेऊन गावकऱ्यांना असंच उन्हात धरायला लावलं होतं. उड्या मारणारा तो पांढरा ठिपका म्हणजे सायक्लोप्स, त्याच्या पोटात नारूची पिल्लं असतात, म्हणून पाणी दुहेरी फडक्याने गाळून प्या, असं समजावलं होतं. आप्पांनी तो झटका इतकी वर्षं लक्षात ठेवला होता. (भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला. त्यात पाण्यात टाकलेल्या औषधाइतकाच या गाळण्याच्या फडक्याचा वाटा आहे, आणि ज्या बायकांनी रोज न चुकता पाणी गाळलं त्यांचं नाव कुठेही लिहिलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.)

आम्ही एक थेंब काचपट्टीवर घेतला. शेजारी विहिरीच्या पाण्यातल्या सायक्लोप्सचं पिल्लू ठेवलं. सायक्लोप्स हाही कोपेपॉडच. दोन्हींना पायांच्या तीन जोड्या. दोन्हींच्या कपाळावर मधोमध एकच लाल डोळा. पोरांनी मान्य केलं. मी त्यांना मोबाइल ठेवून पेन्सिल घ्यायला लावली, कारण माझं ठाम मत आहे की हाताने काढल्याशिवाय पाय मोजले जात नाहीत.

आप्पांच्या माशावरचा तो प्राणी म्हणजे लर्निया. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली प्राण्यांची वर्गवारी छापली, तेव्हा लर्नियाला कृमींत बसवलं होतं. पुढे प्राणिशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन नॉर्डमान यांनी अशा परजीवींची पिल्लं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि १८३२ साली चित्रांसह दाखवून दिलं, की ही मंडळी कवचधारी, म्हणजे खेकडे-झिंग्यांच्या कुळातली आहेत. त्यांनी जे पाहिलं, तेच आप्पांनी ग्लासात पाहिलं.

आता समुद्राकडे येऊ. उत्तर अटलांटिकमध्ये कॉड माशाच्या कल्ल्यापाशी लर्निओसेरा राहते. बालपणी ती चपट्या माशावर असते, मग कॉडवर येते आणि डोकं थेट हृदयाजवळच्या रक्तवाहिनीत घालते. देवमाशाच्या चरबीत रुतणारी पेनेला तर फूटभर लांब होते. दोघी लर्नियासारख्याच दिसतात, बाहेर दोरा आणि मांसात डोक्याचा, जहाजाला असतो तसा नांगर. तरी त्या लर्नियाच्या जवळच्या नात्यातल्या नाहीत. लर्निया सायक्लोप्सच्या गणातली, सायक्लोपॉइडा. या दोघी सायफोनोस्टोमॅटॉइडा गणातल्या. त्या गणाचं तोंड नळीसारखं असतं, आणि त्यांतल्या पुष्कळ जणींची अंडी लांब दोरीत एकामागे एक, नाण्यांच्या चळतीसारखी रचलेली असतात. लर्नियाच्या पिशवीत ती घोसाने भरलेली असतात. मांसात रुतून राहायचं असेल तर नांगर लागतोच, म्हणून दोन वेगळ्या घराण्यांत तो वेगवेगळा तयार झाला. नुसतं रूप पाहून नातं ठरवलं, तर इथे फसगत ठरलेली.

उलटही होतं. माशांवर चपटी ऊ दिसते, अर्ग्युलस. ती पूर्वी कोपेपॉडांत धरत. आता तिचा गट वेगळा आहे, आणि शुक्रपेशींची रचना व जनुकं पाहता तिचं जवळचं नातं सापांच्या फुप्फुसात राहणाऱ्या जीभकृमींशी निघालं. आपल्या समुद्रातल्या माशांवरच्या कोपेपॉडांची मोठी नोंद एन. कृष्ण पिल्लै यांनी केली. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने ती १९८५ साली प्रसिद्ध केली. माझ्या मते तो ग्रंथ प्रत्येक जिल्ह्याच्या ग्रंथालयात असायला हवा. सध्या आपल्याकडे बारवांचा गाळ काढला जातोय, दिवे लावले जातात, आनंदच आहे. पण त्या पाण्याचा एक थेंब शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखालीही जायला हवा.

शेततळ्यात मासे सोडलेल्यांसाठी शेवटचं. माशाच्या अंगावर दोरा दिसला, तर ओढून काढू नका. दोरा तुटतो, नांगर आत राहतो आणि जखम चिघळते. दोरा लागलेला एक मासा पाण्याच्या कॅनमध्ये घालून जिल्ह्याच्या मत्स्य विभागात दाखवा आणि त्यांच्या सल्ल्यानेच औषध टाका. मासे काढून झाले की तळं पूर्ण आटवा, तळ उन्हात कडक वाळू द्या, मगच नवं बीज सोडा.

नमस्कार.