चूक साहेबापर्यंत पोचतच नाही, मग साहेब शिकणार काय?

नमस्कार मंडळी! आज बोलूया पुढारपण करणाऱ्यांच्या चुकांवर. सुपरवायझर असो, बचत गटाची अध्यक्ष असो नाहीतर गणपती मंडळाचा सेक्रेटरी. चुकांतून शिका म्हणून सगळेच सांगतात, पण आधी ती चूक कळायला पाहिजे की! आणि वरच्या माणसाला ती सगळ्यात शेवटी कळते, मला विचाराल तर खरं दुखणं इथंच आहे.

आपल्या बेळगावच्या उद्यमबागचंच, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीचंच बघा. फाउंड्रीत मोल्डिंगच्या सँडमध्ये पाणी जरा जास्त झालं, की वितळलेलं लोखंड ओतल्यावर त्याची वाफ होते, आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की कास्टिंगच्या आत ब्लोहोल. वरून पीस एकदम चांगला दिसतो, मशीनिंगला लावला की आत भोक, मग तोवर झालेला सगळा खर्च पाण्यात. आता मिक्सरवरच्या पोरानं सकाळी सँड मुठीत दाबून बघितलेली असते, आज ओली आहे हे त्याला तेव्हाच कळलेलं असतं. मग बोलत का नाही? कारण मागच्या खेपेला बोलला तेव्हा सगळ्यांसमोर त्यालाच झापलं होतं, तुला काय कळतंय म्हणून. म्हणजे रिजेक्शन सँडमुळं झालं हे खरंच, पण त्या पोराचं तोंड कुणी बंद केलं हे कुठल्याच रिपोर्टात येत नाही.

यावर एक अभ्यास सांगतो. हार्वर्डच्या एमी एडमंडसन, त्यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या हॉस्पिटलांमधल्या टीम बघितल्या. अंदाज असा, की चांगल्या टीममध्ये औषधं देताना चुका कमी होत असतील. आकडे आले उलटे, चांगल्या टीमच्या चुका जास्त! मग खोलात गेल्यावर लक्षात आलं, की चांगल्या टीममध्ये लोक चूक उघड सांगत होते, घाबरलेल्या टीममध्ये दाबत होते. म्हणून तुमच्या शॉपमध्ये महिनाभर कुणी काही चुकलं म्हणून सांगायला आलं नाही तर खूश होऊ नका, जरा काळजी करा.

आपल्याकडं यात भाषेचीपण भानगड आहे आणि याच्यावर कोण बोलतच नाही. एकाच शिफ्टमध्ये खानापूरचा मराठी पोरगा, बैलहोंगलचा कन्नड पोरगा, वर उत्तर प्रदेशातून आलेला कामगार. सुपरवायझर घाईत मराठीत सांगतो, समजलं ना? समोरचा कन्नडमध्ये म्हणतो आयत्री, म्हणजे बरं, आणि जातो. समजलेलं असतं अर्धंच. मग काम बिघडलं की लक्ष दिलं नाही म्हणून त्याच्यावर ढकलायचं. अहो, सांगून झाल्यावर त्यालाच म्हणा की, आता तू काय करणार ते मला सांग, त्याच्या भाषेत सांगू दे, तुम्हाला येत नसेल तर शेजारच्याला मधे घ्या. दोन मिनिटं जातात, पण आपण सांगण्यात कुठं कमी पडलो ते तिथंच कळतं.

आता मोठ्या माणसाचं बघूया. १९१९ च्या एप्रिलमध्ये रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला, गांधीजींना अटक झाली करून बातमी पसरली आणि अहमदाबाद, विरमगाम, नडियादकडं लोकांनी हिंसा केली. गांधीजी लोकांवर चिडून गप्प बसले असते तरी चाललं असतं, पण त्यांनी जाहीर सांगितलं की लोकांची तयारी नसताना मी कायदेभंगाला बोलावलं, ही माझी मोठी चूक. १८ एप्रिलला सत्याग्रह थांबवला. लोकांनी चेष्टा केली त्यांची. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण चूक कबूल करून ते थांबले नाहीत, आधी शिकवलेले स्वयंसेवक पाहिजेत म्हणून मुंबईत तशी तुकडी उभी करायला लागले. ते काम कंटाळवाणं, फार लोक टिकले नाहीत, तरी केलं. आणि हेच गांधीजी १९२४ च्या डिसेंबरमध्ये आपल्या बेळगावला काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून आले, आयुष्यात एकदाच ते अध्यक्ष झाले ते इथं. टिळकवाडीत त्या अधिवेशनाचं स्मारक वीरसौध आहे, पोरांना घेऊन जावा कधीतरी.

तर मीटिंगमध्ये पहिला प्रश्न "कुणी केलं" असला की सगळे खाली मान घालतात. "कसं झालं, कधी लक्षात आलं, आणि तेव्हा सांगायला काय अडचण आली" असं विचारा. आणि तुमच्याकडून काय राहिलं ते तुम्ही आधी बोला, शेवटी नको. जे बदलायचं ठरलं ते बोर्डावर मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही लिहा, रात्रीच्या शिफ्टवाल्यानंपण वाचायला पाहिजे ना.

एक मात्र आहे. भट्टीत ओलं स्क्रॅप टाकताना कोण दिसला तर तिथं समजूत काढत बसू नका, पाण्याची वाफ होऊन स्फोट होतो, माणसं जातात. जोरात ओरडा, हात धरून थांबवा. ते ओलं स्क्रॅप भट्टीजवळ आलंच कसं, शेडवर पत्रा नव्हता की उतरवून घेणाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं, हे मग चहा घेत शांतपणे विचारा.