जर्मनीत फी नाही? आधी राज्य विचारा

पुण्यात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या कुणालाही विचारा, जर्मनीच का? उत्तर ठरलेलं: तिथे फी नाही.

बऱ्याच अंशी खरं आहे ते. २०१४ मध्ये लोअर सॅक्सनीने सरसकट शिक्षणशुल्क बंद केलं. असं करणारं ते शेवटचं जर्मन राज्य. जर्मन असो की भारतीय, बहुतेक सरकारी विद्यापीठांत सगळे सारखे.

आता चला स्टुटगार्टला. राज्य, बाडेन-व्युर्टेम्बर्ग. चाकणची मर्सिडीज आणि नाशिकची बॉश, दोघींचं माहेर हेच. २०१५ मध्ये या राज्याने महाराष्ट्राशी भागीदारी केली. आणि २०१७ च्या हिवाळी सेमिस्टरपासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली: दर सेमिस्टरला १,५०० युरो. कारण साधं, राज्याला पैसे हवे होते. यातले विद्यापीठाच्या हातात पडतात ३००. बाकीचे सरकारी तिजोरीत.

खरी गंमत माफीच्या यादीत आहे. याच राज्यातल्या कार्ल्सरूहच्या एकाच वर्गात तिघं बसलेत असं समजा. एक फ्रान्सचा, फी शून्य. दुसरी नाशिकची, तिला १,५००. तिसरा कुलकर्णी, पासपोर्ट भारतीय, पण बारावीच्या तोडीची परीक्षा जर्मनीतच दिलेली. त्याला शून्य! मान्यता मिळालेल्या निर्वासितांना माफी, पीएचडी करणाऱ्यांना माफी, विद्यापीठांच्या करारातून एक्स्चेंजवर आलेल्यांनाही माफी. नाशिकच्या मुलीच्या वडिलांचा पगार किती, याला मात्र या यादीत जागा नाही.

म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने तर पुढची पायरी गाठली. बव्हेरियाच्या कायद्याने मुभा दिली आणि २०२४ च्या हिवाळ्यापासून तिथे युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी सुरू झाली. मास्टर्सला दर सेमिस्टरला ४,००० किंवा ६,००० युरो, कोर्सप्रमाणे.

आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात, म्हणजे वेगळ्याच राज्यात, अजून फी नाही. म्हणून हल्ली मुलं रँकिंगच्या आधी राज्य बघतात. शहाणपणाचंच आहे ते.

पण व्हिसाला फी-माफी कळत नाही. शिष्यवृत्ती किंवा हमीदार नसेल, तर ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून ठेवायचे. पैसे आपलेच, महिन्याला ९९२ करून परत हातात येतात. तरी ते उभे करायचे असतात विमानात बसण्याआधी, आणि एज्युकेशन लोनसाठी बँकेच्या चकरा तिथूनच सुरू होतात.