नॉरफोक: भरतीच्या तक्त्यावरची सुट्टी

इंग्लंडच्या नकाशात पूर्वेकडे पोट सुटल्यासारखा एक भाग दिसतो. त्याची वरची कड म्हणजे नॉरफोकचा किनारा. नॉरफोक ही काउंटी, आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकातून नॉरिचपर्यंत रेल्वेने साधारण दोन तास. तिथून छोटी गाडी पाऊण तासात क्रोमरला सोडते.

खोली नंतर ठरवा, भरतीचा तक्ता आधी बघा. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास जातात. म्हणजे आज अकराला आलेली भरती उद्या बाराच्या आसपास येणार. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. पण एक गोम आहे. काही छापील तक्ते जीएमटीत असतात आणि उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे केलेली असतात. तो तास मिळवायला विसरलात, तर तासभर आधीच पोचून होडीची वाट बघत बसाल.

होडी कुठली? मॉर्स्टन गावची, सील हे समुद्री प्राणी बघायला जाणारी. मॉर्स्टनचा धक्का खाडीच्या एका फाट्यावर आहे आणि ओहोटीला तिथे नुसता चिखल उरतो. म्हणून होड्या भरतीच्या आगेमागेच सुटतात आणि त्यांच्या वेळा रोज बदलतात. जागा आधी राखून ठेवा. फेरी साधारण तासाभराची, ब्लेकनी पॉइंट या समुद्रात शिरलेल्या दांड्याच्या टोकापर्यंत. होड्या उघड्या असतात, त्यामुळे जुलैतही वारा अडवणारं जाकीट लागतंच. दोन जातींचे सील इथे शेजारी शेजारी पहुडलेले दिसतात. लांब, सरळ नाकाचा तो करडा सील. आखूड तोंडाचा, मांजरासारख्या चेहऱ्याचा तो साधा सील. साध्या सीलची पिल्लं उन्हाळ्यात होतात, करड्या सीलची नोव्हेंबर ते जानेवारीत. पांढरी, लोकरीसारख्या केसांची पिल्लं बघायची असतील, तर थंडीतच या.

पुढचं गाव वेल्स-नेक्स्ट-द-सी. इथली पुळण ओहोटीला एवढी पसरते की समुद्र शोधत चालावं लागतं. धोका समोरून येत नाही, पाठीमागून येतो. भरतीचं पाणी आधी वाळूच्या उंचवट्यामागच्या नाळेत शिरतं आणि परतीची वाट बुडवतं. त्यासाठी इथे भोंगा वाजतो. भोंगा ऐकला की फोटो पुरे, लगेच किनाऱ्याकडे वळायचं. पाणी आडवं आलंच, तर कमरेएवढं दिसतंय म्हणून उतरू नका, ओढ जोरदार असते. उंच जागी थांबून ९९९ फिरवा आणि कोस्टगार्ड मागा.

मुलं बरोबर असतील, तर क्रोमर. इथला धक्का १९०१ चा. टोकाला नाट्यगृह आहे आणि त्याच्याही पुढे लाइफबोटीचं ठाणं. धक्क्यावर गुडघे टेकून बसलेली मुलं खेकडे धरत असतात. दोरीला गळ बांधत नाहीत. जाळीच्या पिशवीत बेकनचा तुकडा आणि एक वजन, एवढंच. पिशवी तळाला टेकू द्यायची आणि हिसका न देता सावकाश ओढायची. खेकडा काही अडकलेला नसतो, नुसता हट्टाने धरून बसलेला असतो. पाण्याबाहेर आला की तो सोडून देतो, म्हणून खाली छोटं जाळं धरतात. बादलीत समुद्राचंच पाणी घ्या, नळाचं नको. बादली सावलीत ठेवा आणि पाणी वरचेवर बदला. दाटी झाली की खेकडे एकमेकांचे पाय तोडतात, तापलेल्या पाण्यात गुदमरतात. धरताना मागून, कवचाच्या दोन्ही कडांना. सोडताना मात्र धक्क्यावरून फेकू नका, पाण्यापाशी नेऊन सोडा.

हे खेळायचे, खायचे वेगळे. क्रोमरचा प्रसिद्ध खेकडा मोठा, तांबूस कवचाचा. इथे त्याचा रस्सा होत नाही. उकडून, गार करून, नांगीचं पांढरं आणि पोटातलं तपकिरी मांस वेगवेगळं काढून कवचातच भरून विकतात. लिंबू, मिरपूड, लोणी लावलेला पाव. चिंबोरीच्या कालवणावर वाढलेल्या जिभेला पहिला घास सपक वाटेल, दुसऱ्या घासाला गोडवा कळतो. अख्खा विकत घेतलात, तर आतले बोटांसारखे करडे कल्ले काढून टाका.

पश्चिमेला हन्स्टंटन. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं गाव असूनही तोंड पश्चिमेला, त्यामुळे इथे सूर्य समुद्रात मावळतो. कडा तीन रंगांचा: खाली गंजासारखा वालुकाश्म, मध्ये लाल खडू, वर पांढरा. संध्याकाळच्या उन्हात बघा, पण लांबून. दगड सुटतात.

पूर्वेकडचं एक गाव स्पेलिंगप्रमाणे ‘हॅपिसबर्ग’ वाचाल, म्हणतात मात्र ‘हेझ्बरा’. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं इथलं दीपगृह १७९० पासून उभं आहे, पण समोरची जमीन समुद्र खात चालला आहे. २०१३ साली लाटांनी वाळू ओढून नेली, तेव्हा खालच्या चिखलात माणसांच्या पाऊलखुणा उघड्या पडल्या. वय आठ लाख वर्षांहून अधिक, आफ्रिकेबाहेर त्या वेळी सापडलेल्यांत सर्वांत जुन्या. संशोधकांनी घाईघाईने फोटो आणि मापं घेतली. दोन आठवड्यांत भरतीने त्या पुसून टाकल्या.